जीवशास्त्राचा कोरा पेपर

मामा, तुमच्या नातीची लेक यंदा डॉक्टरीच्या परीक्षेला बसली होती आणि तिला मार्क कमी पडले. दोन दिवस पोरीनं खोलीचं दार उघडलं नाही म्हणे. परवा माझ्या लेकीचा फोन आला. म्हणाली, "आई, रविवारी तिला घेऊन येते. पुन्हा बसावं का दुसरं काही धरावं, तूच सांग तिला. तुला यातलं कळतं." तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. 'तुला यातलं कळतं' हे ती सरळ बोलली की टोचून बोलली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. फोनवर तिचा आवाज दवाखान्यात असतो तसाच असतो, सगळ्यांना सारखा. तांदूळ निवडायला घेतले ते ताटात तसेच राहिले. पुस्तक उघडलं तर एकच पान तीनदा वाचलं आणि काय वाचलं ते विचाराल तर सांगता यायचं नाही. शेवटी वही घेऊन बसले. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. सुनेनं सासऱ्याला पत्र लिहावं असं आपल्यात कधी नव्हतं. तुम्ही होता तेव्हाही मी तुम्हाला चार ओळींची चिठ्ठी लिहिली नाही. पण एक बोलायचं राहिलेलं आहे.

तुम्हाला आठवत असेल, मी या घरात आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. तुमचा मुलगा पलटणीतून पत्र पाठवायचा आणि तुम्ही सोप्यात बसून ते मोठ्यानं वाचायचात. शेजारचे दोघंतिघं ऐकायला यायचे, आत्या तेव्हा होत्या, त्या चुलीपुढनं कान द्यायच्या, मी दाराआड. त्या पत्रात माझ्यासाठी काय असणार? सगळ्या गावानं ऐकायचं म्हटल्यावर माणूस थंडीचं आणि बदलीचंच लिहिणार. पण मला वाटायचं, कागदावर तुम्ही वाचता त्याहून जास्त काहीतरी आहे. म्हणून मी अक्षर शिकले. कुणी शिकवलं नाही. खताच्या पोत्यावरून, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून आणि पुढं लेक शाळेत जायला लागल्यावर तिच्या पाटीवरून. वाचता यायला लागल्यावर मी सगळी पत्रं गुपचूप काढून वाचली. तुम्ही वाचलं होतं तेवढंच होतं त्यात. एक शब्द जास्त नव्हता. तुम्ही काही गाळलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं, आणि मला तुमचा उगीचच राग आला होता.

मग तो कागद आला. लढाई नव्हती काही, डोंगरातल्या रस्त्यावर गाडी दरीत गेली. तुमच्या डोळ्यांत तेव्हा नुकता मोतीबिंदू उतरत होता. तुम्ही कागद उन्हात धरलात, लांब धरलात, जवळ धरलात आणि मग माझ्याकडं बघून म्हणालात, "तुला येतंय न्हवं? मला ठावं हाय. वाच." मी वाचलं. हिंदीत होतं, तरी कळलं. त्या दिवसापासून घरात आलेला प्रत्येक कागद तुम्ही माझ्या हातात देत गेलात. पेन्शनीचा, तलाठ्याचा, सोसायटीचा, बाजारातून पुडी बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा. चावडीवर कुणी म्हणालं, आवं, बाईमाणसाच्या हातात कागद कशाला, तर तुम्ही म्हणायचात, "आमची सून वाचती. तुमची काय करती?" नवरा गेलेल्या बाईला गावात काय किंमत असते ते मला कुणी सांगायला नको. तुमच्या त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस काढले.

म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

माझी लेक सांगलीच्या कॉलेजात गेली ती आपल्या गावातली सायन्सला गेलेली पहिली मुलगी. तेव्हा आतासारखी डॉक्टरीची वेगळी परीक्षा नव्हती. इंटर सायन्सचे मार्क हीच परीक्षा. त्या मार्कांवर मिरजेला नंबर लागला तर लागला. एका मास्तरांच्या घराच्या मागच्या अंगाला तिला खोली मिळाली आणि डबा आपल्या घरून एसटीनं. सकाळी सातची तासगावहून येणारी गाडी फाट्यावर थांबायची. मी भाकरी, भाजी, आमटी भरून डब्याला फडकं बांधायची आणि तुम्ही तो घेऊन फाट्यापर्यंत चालत जायचात. डबा कंडक्टरच्या हातात देताना तुमचं रोजचं ठरलेलं वाक्य, "डाक्टरनीचा डबा हाय, आडवा करू नगंस." सांगलीच्या स्टँडवर अशा पंधरा-वीस डब्यांची रांग लागायची, ज्याचा त्यानं उचलून न्यायचा. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत. मी झाकण उघडून आधी बघायची, पोरीनं काय टाकलं, काय खाल्लं. तिचं बरं चाललंय की नाही ते मला डब्यावरून कळायचं. फाट्यावरच्या बाकावर बसणारी तुमची मंडळी तुम्हाला डिवचायची, "काय गड्या, आली का न्हाई नात सुई घिऊन? आमची कंबर कवापास्नं धरलीय." आणि तुम्ही म्हणायचात, "आली की पयली सुई तुलाच, आनि ती बी मोठी."

त्या वर्षी परीक्षेच्या आठ दिवसांसाठी मी सांगलीला खोलीवर राहायला गेले. तुम्हीच म्हणालात, पोरीला ऊन ऊन खायला मिळालं पाहिजे. पहिले पेपर बरे गेले. फिजिक्सच्या दिवशी पोर बाहेर आली ती रडतच. आम्ही कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. दुपार टळली होती, पाणी खाली गेलेलं, पायऱ्या तापलेल्या. ती म्हणाली, "आई, फिजिक्स गेलं. दोन गणितं सुटलीच नाहीत. पास होईन, पण नंबर लागत नाही आता." मला काय येत होतं त्यातलं? पण माझ्या बटव्यात वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. मी ते महिनाभर जपून ठेवलं होतं. त्यात लिहिलेलं होतं की इंटर एकदा पास झालं की मार्क वाढवायला परत बसता येत नाही, नापास झालेल्यालाच पुन्हा बसता येतं. कॉलेजातल्या मुलीही आपसात बोलत होत्या, अमकीनं पेपर सोडला, तमकी सोडणार आहे. चांगले मार्क पडत नसतील तर एक विषय कोरा द्यायचा, नापास व्हायचं आणि पुढच्या वर्षी सगळ्याला नव्यानं बसायचं. मला वाटलं, हे मला माहीत आहे. वाचलेलं आहे मी.

मी तिला म्हटलं, "मग परवाचा पेपर लिहू नको."

ती माझ्याकडं बघत राहिली. "आई, परवा जीवशास्त्र आहे. ते मला येतं गं. तेच सगळ्यात चांगलं येतं. लिहू दे मला."

"लिहिलंस तर पास होशील. पास झालीस की संपलं. मग कुठला मिरजेला नंबर? छापून आलंय हे. बघ, वाच."

तिनं कात्रण वाचलं आणि परत दिलं. ती म्हणाली, सरांना विचारू या का? मी म्हटलं, सर काय सांगणार, त्यांना त्यांच्या कॉलेजचा निकाल चांगला लागायला हवा. हे मी कशावरून म्हटलं? कशावरूनच नाही. सर मला माहीतही नव्हते. पण मामा, मला तेव्हा स्वतःच्या वाचण्याचा असा काही ताठा चढला होता की दुसऱ्या कुणाला विचारणं म्हणजे मला कमीपणा वाटत होता. मधला एक दिवस आम्ही दोघी त्या खोलीत एकमेकींशी धड बोललो नाही. ती जीवशास्त्राचंच पुस्तक उघडून बसली होती. मी बघत होते आणि मला कळत होतं की तिला लिहायचं आहे.

पेपरच्या दिवशी अर्ध्या तासानं ती बाहेर आली. त्याआधी कुणाला सोडत नव्हते. मी फाटकाजवळ झाडाखाली उभी. तिच्या मागोमाग तिचे जीवशास्त्राचे सर घाईघाईनं आले. म्हणाले, "काय झालं हिला? कोरा पेपर ठेवून आली. बाई, माझ्या वर्गात या विषयात ही पहिली आहे." मी म्हटलं, "पोटात दुखतंय तिच्या सकाळपास्नं." सर स्वतः जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आले. पोरीनं ते माझ्याकडं न बघता सगळं प्यायलं. मी तिला पेपर सोडायला सांगितलं ते एक, आणि त्या भल्या माणसापुढं तिच्या पोटाचं दुखणं लावलं ते दुसरं. तिसरं अजून पुढं आहे.

ते बसमध्ये घडलं. तासगाव जवळ यायला लागलं, बेदाण्याच्या शेडा दिसायला लागल्या, तशी तुमचं नाव काढून मी तिला म्हटलं, "आबांना सांगू नको मी सांगितलं म्हणून. तूच घाबरलीस आणि तूच सोडलास म्हण." तिनं विचारलं, का? मी म्हटलं, "तुझ्यावर रागावले तर चार दिवसांत निवळतील. माझ्यावरचा विश्वास उडाला तर तुला आणखी एक वर्ष द्या म्हणून त्यांच्याशी बोलणार कोण? माझा शब्द त्यांच्यापाशी चालायला पाहिजे." हे त्या वेळी मला अगदी बरोबर वाटलं. पोर म्हणाली, "बरं." एवढंच. सतरा वर्षांची होती.

तुम्ही फाट्यावरच होता. डोळ्याला नीट दिसत नव्हतं, पण चालण्यावरून ओळखलंत आणि उठून उभे राहिलात. "कसं ग्येलं?" पोरीनं सांगितलं, शेवटचा पेपर सोडला. बाकावरची मंडळी ऐकत होती. तुम्ही म्हणालात, "सोडला म्हंजे? बसलीच न्हाईस?" ती म्हणाली, बसले, पण लिहिला नाही, भीती वाटली. तुम्ही म्हणालात, "मोर्चा सोडून माघारी येनाऱ्याला पलटनीत काय म्हंत्यात ठावं हाय का? तुझ्या बापाच्या पलटनीत हुतो मी बी." आणि पुढं चालायला लागलात. पोर मान खाली घालून तुमच्या मागं, आणि मी तिच्या मागं. त्या वाटेवर मी बोलायला हवं होतं. फाट्यापासून घरापर्यंत वाट काही कमी नाही, भरपूर वेळ होता.

त्यानंतर तुम्ही तिच्याशी बोलणं टाकलं. मला वाटलेले चार दिवस नव्हे, जवळजवळ वर्ष. बोलायचंच झालं तर माझ्यामार्फत, आणि मी नसले तर म्हशीमार्फत. गोठ्यात पोर शेण काढायला आली की तुम्ही म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचात, "म्हशे, तुझ्या शेजारी कोन हुबं हाय तिला सांग, शेनाला हात लावायचं काम न्हाई. पुस्तक उघडाय सांग." एकदा पोर म्हणाली, "म्हशे, आबांना सांग, पुस्तक वाचूनच आलेय." तुम्ही तोंड फिरवलंत. मला वाटतं तुम्ही हसला होता. आम्हीही हसलो, पण रात्रीच्या जेवणाला पुन्हा तेच, ताटाला ताट लावून तिघंजण आणि दोघांतच बोलणं.

जूनमध्ये मार्कांचा कागद आला. पोस्टमननं तो तुमच्या हातात दिला आणि तुम्ही नेहमीप्रमाणे माझ्याकडं केलात. पोर दाराच्या चौकटीला टेकून उभी. कागद इंग्रजीत होता, पण तोवर मला विषयांची नावं आणि आकडे लावता येत होते. जीवशास्त्रापुढं शून्य. आणि फिजिक्सपुढं एकाहत्तर. मी पुन्हा बघितलं. एकाहत्तरच होते. ज्या पेपरसाठी ती घाटावर रडली होती त्यात एकाहत्तर. तुम्ही विचारलंत, "काय लिवलंय?" मी म्हटलं, एका विषयात शून्य, बाकी पास. "पास म्हंजे कसं पास? किती?" मी म्हटलं, "बरे आहेत." तुम्ही म्हणालात, "बरे म्हंजे?" मी म्हटलं, "बरे म्हणजे बरे, मामा." या घरात आलेला कागद मी तुम्हाला अर्धाच वाचून दाखवला तो त्या दिवशी, तेवढा एकदाच. पोरीनं माझ्या हातातून कागद घेतला, बघितला, घडी घातली आणि आत गेली. पुढं मिरजेची यादी लागली तेव्हा कळलं, त्या साली पेपर सगळ्यांनाच अवघड गेला होता. यादीतला शेवटचा मुलगा तिच्याच वर्गातला, तिच्या कितीतरी मागं असणारा. जीवशास्त्र तिनं जेमतेम जरी लिहिलं असतं तरी नाव आलं असतं. ती यादी बघून सांगलीहून परत आली, हातपाय धुतले, जेवली, भांडी घासली. झोपायच्या आधी एवढंच म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी परीक्षेला तू येऊ नकोस."

त्याच पावसाळ्यात रहिमतपूरकडचं स्थळ आलं. तुम्ही त्यांना आधीच शब्द दिलेला, परीक्षा झाली की मुलगी बघायला या म्हणून. मुलगा साताऱ्यात कारखान्यात, घरी ऊस, माणसं वाईट नव्हती. मुलाचा चुलता मोठा बोलका. चहाची बशी हातात घेऊन म्हणाला, "नापास झाली असंल तर असू द्या की. आमाला काय तिच्याकडनं सुया टोचून घ्यायच्या न्हाईत." सगळे हसले. मी आत पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते आणि मनात जुळवत होते की आता कसं बोलायचं, एक वर्ष कसं मागायचं. याच वेळेसाठी तर मी माझा शब्द जपला होता. तेवढ्यात तुमचा आवाज आला. "पावनं, आपलं बोलनं मागं घ्यावं लागतंय मला. पोरीचा एक पेपर ऱ्हायलाय. तो झाल्याबिगर काय ठरवता येत न्हाई." चुलता म्हणाला, "आवं, पन शबुद दिलावता तुमी." तुम्ही म्हणालात, "दिलावता. चुकलं माजं." तुम्ही कुणापुढं 'चुकलं माझं' म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी काही मागायच्या आधीच तुम्ही वर्ष देऊन मोकळे झालात, आणि तेही जिच्याशी बोलत नव्हता तिच्यासाठी. माझ्या शब्दाची तुम्हाला गरजच लागली नाही. मी आत उभी होते, पोह्यांवरची कोथिंबीर पुन्हा पुन्हा सारखी करत. पाहुणे गेल्यावर तरी सांगावं, असं मनात आलं. नाही सांगितलं.

(मधेच उठून गेले होते. दूध ठेवलं होतं, ते उतू गेलं.)

दुसऱ्या वर्षी परीक्षेला तिच्याबरोबर तुम्ही गेलात. म्हणालात, "म्या जातो. पलटनीत लंगरात दोन वर्सं काडल्यात, खिचडी येती." मी तरी डबा पाठवतच होते. तिसऱ्या दिवशी कंडक्टर रिकामा डबा देताना हसत म्हणाला, "म्हाताऱ्यानं निरोप दिलाय, आमटीत मीठ न्हाई, सूनबाईचं ध्यान कुटं हाय?" माझं ध्यान कुठं होतं ते तुम्हाला कसं सांगू? मी रोज डबा पाठवल्यावर फाट्यावरच बसून राहायची. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी शेवटी मला जागा करून दिली. शेवटचा पेपर जीवशास्त्राचा. त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं तुम्ही दोघं उतरलात. तुमची पिशवी तिच्या हातात. आणि गाडीतून पाय खाली टाकतानाच तुम्ही म्हणालात, "अगं ए, पिशवी उलटी धरलीयास, केळी चेंबतील." थेट तिला. म्हशीला नाही, मला नाही. ती म्हणाली, "चेंबू देत आबा, तुम्हाला दात कुठायत?" तुम्ही दोघं हसत घराकडं निघालात.

त्या आठ दिवसांत खोलीवर काय बोलणं झालं, ते मला आजपर्यंत माहीत नाही. तिनं सांगितलं का तुम्हाला? घाटावर जाऊन बसला होता का तुम्ही दोघं? मी तेव्हापासून तुमच्या तोंडाकडं बघत राहिले. कधी एखादा कागद तुम्ही माझ्याकडं न देता पोरीला दिलात की मला वाटायचं, सांगितलं हिनं. मग दुसऱ्या दिवशी सोसायटीचा कागद माझ्याच हातात द्यायचात आणि मला वाटायचं, नाही, सांगितलेलं नाही. पोरीला विचारणं सोपं होतं. ती माझीच लेक, माझ्याच घरात. नाही विचारलं.

तिचा नंबर लागला. मिरजेला गेली. पांढरा कोट घालून पहिल्यांदा घरी आली तेव्हा तुम्ही तिला तो तसाच अंगात ठेवून फाट्यावर नेलंत. हे सगळं चांगलंच झालं, मी कुठं वाईट झालं म्हणते? पण एक वर्ष गेलं होतं, आणि ते कुठं लागतं हे तेव्हा कळत नाही. ती शेवटच्या वर्षाला होती आणि तुम्ही अंथरुणाला खिळलात. द्राक्षं उतरायचे दिवस होते. ती मिरजेहून आली, उशाशी बसली. तुम्ही हात पुढं केलात, "नाडी बघ की डाक्टरनी." ती म्हणाली, "अजून झाले नाही आबा." "कवा हुनार?" "आठ महिने आहेत." तुम्ही म्हणालात, "मंग थांबाय पायजे." तुम्ही बारा दिवस थांबलात. एक वर्ष आधी लागली असती तर तुमच्या उशाशी शिकणारी पोर नव्हे, डॉक्टर बसली असती. तुम्ही त्यामुळे वाचला असता असं मी म्हणत नाही. तुम्ही बघितलं असतं एवढंच.

त्या बारा दिवसांतल्या एका दुपारी आपण दोघंच होतो. लेक औषध आणायला तासगावला गेलेली. मी तुमचे पाय दाबत होते. मी म्हटलं, "मामा, एक सांगायचं हुतं." तुम्ही डोळे मिटलेले. म्हणालात, "सांग की." आणि मी पाय दाबतच राहिले. थोड्या वेळानं तुम्हीच म्हणालात, "पेपर आलाय न्हवं? वाच." मी वर्तमानपत्र घेतलं आणि वाचायला लागले. द्राक्षांचा भाव, धरणातलं पाणी, कुठल्याशा गावच्या जत्रेची बातमी. तुम्ही हूं हूं करत होता. मामा, मला तेव्हा दुःख व्हायला हवं होतं. मला बरं वाटलं. तुम्ही अजून मलाच वाचायला सांगता आहात, म्हणून बरं वाटलं. त्या दुपारी माझं मला कळलं की बसमध्ये पोरीला गप्प राहायला सांगितलं ते तिच्या वर्षासाठी नव्हतंच. मला तुमच्या लेखी वाचणारी सून राहायचं होतं. नवरा गेल्यावर माझ्यापाशी तेवढंच होतं, आणि ते टिकवायला मी सतरा वर्षांच्या पोरीला वर्षभर तुमच्या अबोल्यात उभं केलं.

आज शनिवार. त्या दोघी उद्या सकाळच्या गाडीनं निघतील. नातीला काय सांगायचं ते मी कालपासून घोकते आहे. तू ठरव, म्हणेन. तुझ्या सरांना विचार, दोघाचौघांना विचार, माझं ऐकू नको. एवढं तरी मला जमायला पाहिजे. आणि तरी खरं सांगते, मागच्या आठवड्यात वर्तमानपत्रात त्या परीक्षेचे नियम आले होते, ते मी दोनदा वाचले. आता तुम्हीच बघा.

हे लिहून झालं तर मन हलकं होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. उलट उठावंसं वाटतंय, जाऊन फाट्यापर्यंत चालून यावंसं वाटतंय. वही मिटायच्या आधी एवढंच लिहिते, मामा. हे पत्र तुम्हाला नव्हे, लेकीला लिहायला हवं होतं. वर्ष तिचं गेलं, बोलणी तिनं खाल्ली. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही काही उत्तर देणार नाही. ती उद्या समोर बसेल, आणि ती देईल.